पॅडचा आकडा की पेस्टचा थर?

जुना_खटपट्या: कॉम्प्युटरचा प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला पेस्ट लावायची की ग्राफाइटचा पॅड, यावर इथे कुणीतरी लिहिलंय: ‘पेस्टचे दिवस गेले. उष्णता वाहून नेण्याचे आकडे बघा (वॅट प्रति मीटर-केल्विन): पेस्टचे ८.५, ग्राफाइट पॅडचे ६२.५. पॅड टाका आणि विसरा.’ हे वाचून राहवलं नाही. अहो, तो खोक्यावरचा आकडा! पेस्ट धातूच्या बारीक खाचांत शिरते, कोरडा पॅड नुसता वर टेकतो. अडतं तिथेच. माझ्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरवर, त्याच कूलरखाली, पॅडने ८३ अंश दाखवले, एमएक्स-४ पेस्टने ७८. शिवाय ग्राफाइटमधून वीज जाते. तुकडा कडेने निसटून बोर्डाला टेकला तर काय, हे का नाही सांगत?

चांदा_४५_अंश: पाच अंशांसाठी सारखा कूलर कोण उघडणार? आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पेस्टचा खडू होतो. मागच्या वर्षी कूलर ओढला तर सॉकेटची (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेची) कडी बंद असताना प्रोसेसरच वर आला! सात पिना वाकल्या. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या नळीत एकेक पिन धरून सरळ केली, रात्रीचे दोन वाजले. हात थरथरत होते. तुमचे पाच अंश तुम्हालाच लखलाभ.

जुना_खटपट्या: हा दोष घाईचा. आधी प्रोसेसरला दहा मिनिटं लोड, म्हणजे जड काम, देऊन गरम करायचा, बंद करायचा, कूलर हलके डावी-उजवीकडे पिळायचा, मग उचलायचा.

चांदा_४५_अंश: घाई? पॉवर सप्लाय जळाला होता. बंद मशीन गरम कसं करू, सांगा ना!

सोल्डर_सांगली: हेअर ड्रायरने. पण मुळात १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला ठेवल्यावर हे होणारच. एएमडीचं नवं एएम५ सॉकेट आलं तेव्हा, २०२२ मध्ये, पिना सॉकेटात गेल्या, सुटलो.

जुना_खटपट्या: सुटलो कसले! सॉकेटातली पिन वाकली की मदरबोर्ड गेला. त्या पिना इतक्या नाजूक की पेन्सिलीचं कामच नाही. माझ्या भाच्याच्या हातून प्रोसेसर सॉकेटात तिरका पडला, रॅमचा एक चॅनल कायमचा गेला. प्रोसेसरची पिन निदान सरळ तरी करता येते.

सोल्डर_सांगली: सरळ करताना तुटली तर? माझी तुटलीय.

चांदा_४५_अंश: पॅडचं बोला.

जुना_खटपट्या: बरं, बंद मशीनचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नाही. पॅडसारखंच पण फेज-चेंजवालं, म्हणजे तापल्यावर मऊ होणारं, पीटीएम७९५० असेल तर माझी हरकत नाही. ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन खाचांत भरतं, पेस्टसारखं कडेला सरकत नाही. पण थंड असताना तेही घट्ट धरतं, हेअर ड्रायर जवळ ठेवा. कोरड्या ग्राफाइटला मात्र माझा नकारच.

चांदा_४५_अंश: कोरडा आहे म्हणूनच तो चिकटत नाही. मी तोच लावलाय, ८४ अंशांवर चालतोय, आणि राहू देणार आहे.