इंजिन बंद असताना प्रोपेलरला हात लावला तर एवढं काय बिघडतं?

नवशिका सातारकर

मी १७ वर्षांचा आहे. बारावीनंतर फ्लाइंग क्लबमध्ये नाव घातलं. सेस्ना १५२ या छोट्या शिकाऊ विमानावर आतापर्यंत ४ तास झालेत. परवा उड्डाण संपल्यावर फोटोसाठी प्रोपेलरच्या पात्यावर हात टेकून उभा राहिलो. इंजिन बंद होतं, किल्ली सरांच्या खिशात. सर लांबून ओरडत आले, दंड धरून मला बाजूला ओढलं आणि म्हणाले, "लँडिंग नंतर शीक, आधी एअरमनशिप शीक." मला राग नाही आला, पण कारण कळलं नाही. बंद पंख्याला हात लावण्यासारखंच ना ते? आणि एअरमनशिप म्हणजे नेमकं काय शिकायचं? पुस्तकांत हवामान आहे, नियम आहेत, नेव्हिगेशन आहे. हा धडा कुठे सापडला नाही.

निवृत्त इंजिन फिटर

सरांनी ओढलं ते चांगलं केलं. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, त्यातली बरीच वर्षं एचपीटी-३२ या शिकाऊ विमानावर गेली. त्याचं इंजिनही तुझ्या सेस्नासारखंच लायकॉमिंग कंपनीचं, पिस्टनवालं.

घरच्या पंख्याची वीज भिंतीतून येते, बटण बंद केलं की ती तुटते. इथे तसं नाही. इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात आणि ते आपली वीज आपणच तयार करतात. बॅटरी काढून ठेवली तरी ठिणगी पडणारच. घरात वडीलधाऱ्यांना विचार, बजाजची जुनी स्कूटर बॅटरीशिवाय किकवर सुरू व्हायची. तत्त्व तेच. मग किल्ली बंद केली की काय होतं? मॅग्नेटोची वीज एका तारेतून इंजिनाच्या धातूत उतरवली जाते, म्हणून ठिणगी पडत नाही. ती तार तुटली किंवा ढिली झाली, तर किल्ली खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि बाहेरून बघून ते कोणालाच कळत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोलची थोडी वाफ उरलेली असते. पातं जरा ढकललं गेलं, मॅग्नेटोतली स्प्रिंग सुटली, की एक ठिणगी. इंजिन सुरू व्हायचीही गरज नाही. पात्याचा एक झटका हात मोडायला पुरतो, आणि डोकं मध्ये असेल तर पुढचं मी लिहीत नाही.

म्हणून पातं कायम जिवंत समजायचं. एअरमनशिप म्हणजे अशाच सवयी. त्याच्या वर्तुळात उभं राहायचं नाही, त्याला टेकायचं नाही. विमानाकडे जायचं ते मागच्या बाजूने, आणि बरोबर कोणी पाहुणा असेल तर त्याचा हात धरून.

दुसरी गोष्ट मोजण्याची. आमच्याकडे पान्यांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची. काम संपलं की फळीकडे बघायचं, एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान सोडायचं नाही. एकदा संध्याकाळी एक छोटा पाना कमी भरला. सगळ्यांना घरी जायचं होतं. आम्ही काढलेली झाकणं पुन्हा उघडली, टॉर्च लावून शोधलं आणि दोन तासांनी तो कंट्रोलच्या केबलजवळ सापडला. तो तिथेच राहिला असता तर कधी ना कधी वर आकाशात केबल अडली असती. तू पाने वापरणार नाहीस, पण तुझ्या खिशात पेन, नाणी, मोबाईल असतो. विमानात बसताना काय नेलंस ते लक्षात ठेव आणि उतरताना मोज.

पेट्रोल स्वतः बघ. काट्यावर विश्वास ठेवू नकोस, टाकीत पट्टी बुडव. मग तळातून नमुना काढ. आपलं विमानाचं पेट्रोल, १०० एलएल, निळसर दिसतं. पाणी जड, ते तळाशी थेंबासारखं बसतं. नवीन मुलं एक चूक करतात: नळीत मध्ये रेघ दिसली नाही की पाणी नाही असं समजतात. अख्खा नमुनाच पाण्याचा असला तर रेघ कुठून दिसणार? रंग बघ, वास घे. पावसाळ्यात तर नक्कीच.

उजव्या सीटवरून

मी इन्स्ट्रक्टर आहे. वरचं सगळं पटलं. माझ्याकडून थोडी भर.

चेकलिस्ट पाठ झाली तरी कागद हातात घेऊनच वाचायची. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राईट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान उड्डाण होताच कोसळलं. चालवणारे अतिशय अनुभवी होते. जमिनीवर वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहून गेलं होतं. वैमानिकांना चेकलिस्ट देण्याची पद्धत त्यानंतर रुजली. तुझ्या १५२ मध्येही ते लॉक आहे, त्याची लाल पट्टी किल्लीच्या जागेवर येते ती यासाठीच.

लॉक काढलं तरी तिथे थांबू नकोस. योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, डावीकडे फिरव, अंगठे वर ठेव. अंगठे ज्या बाजूला झुकतील तिकडचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) वर गेला पाहिजे. मान वळवून डोळ्यांनी बघ. कंट्रोल मोकळे हलले की नुसतं "फ्री" म्हणणारी मुलं खूप आहेत, "फ्री अँड करेक्ट"मधला दुसरा शब्द बघून म्हणायचा असतो.

आणि विमान कोणाच्या हातात आहे ते बोलून ठरव. मी "यू हॅव कंट्रोल" म्हटलं की तू "आय हॅव कंट्रोल" म्हण, मगच मी हात सोडते. मान डोलावलेली मला दिसत नाही, मी बाहेर बघत असते.

ग्लायडरवाली

मी हडपसरला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला, शिकले. पिटो ट्यूबचं, म्हणजे वेग मोजायच्या नळीचं, झाकण विमान उभं केल्या केल्या लाव, उद्यावर टाकू नकोस. आपल्याकडे कुंभारीण माशी घराच्या भोकात माती भरते ना, तिला पिटोची नळीही तशीच आवडते. नळी बुजली की वेग चुकीचा दिसतो. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग ७५७ विमान समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. एक पिटो बुजलेली होती आणि बहुधा माशीच्या घरट्यानेच, असं तपासात म्हटलंय. तोंडाने फुंकून साफ मात्र करू नकोस, उपकरण बिघडतं. इंजिनिअरला सांग.

आणखी एक. ग्लायडर लाँच होताना धोका दिसला तर कोणीही "स्टॉप" ओरडू शकतं, पहिल्या दिवशी आलेली मुलगीसुद्धा. मी एकदा ओरडले होते, दूर धावपट्टीवर कुत्रा शिरला होता. लाँच थांबलं. कोणी रागावलं नाही.

नवशिका सातारकर

काका, ताई, खूप आभार. आज सरांची माफी मागितली आणि मॅग्नेटोचं विचारलं. त्यांनी इंजिन बंद करण्याआधी मंद चालीवर किल्ली क्षणभर 'ऑफ'वर नेऊन दाखवली. इंजिन अडखळलं, म्हणजे तार जागेवर आहे. हे ते रोज करत होते, माझं लक्षच नव्हतं.

दोन्ही टाक्यांत पट्टी बुडवली. डावीकडे काटा दाखवत होता त्यापेक्षा कमी निघालं, वहीत लिहून दिलं. काका, नमुन्याला काढलेलं पेट्रोल कुठे टाकायचं? मी आज नळी हातात धरून उभाच होतो.

निवृत्त इंजिन फिटर

जमिनीवर ओतू नकोस आणि परत टाकीतही नको. हँगरमध्ये त्यासाठी झाकणाचा डबा असेल, मेकॅनिकला विचार. नसेल तर ठेवायला सांग.