मदत हवी आहे: उन्हाळ्यात गाडीचा अॅम्प तापून बंद पडतो

मंडळी, नागपूरच्या उन्हात अॅम्प (स्पीकरना ताकद देणारा अॅम्प्लिफायर) सांभाळायचा कसा?

चार चॅनेलचा क्लास एबी (जास्त तापणाऱ्या प्रकारचा) अॅम्प शेजारच्या सीटखाली आहे. दोन चॅनेल दारांतल्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) 12 इंची सबवूफरला, म्हणजे खर्जाच्या स्पीकरला. हिवाळ्यात काही कुरबुर नव्हती. मे लागला, पारा 44-45 वर गेला, आणि वर्धा रोडवर वीस मिनिटांत लाल दिवा लागून सगळं गप्प. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू. हात लावला तर चटका बसतो.

काल सीट काढून पाहिली. अॅम्प थेट कार्पेटवर, वरून मॅट (बसवणाऱ्याला साष्टांग नमस्कार!). ते मी करतो, प्लायवर उचलून घेतो. खरी शंका वेगळीच. सबला 4 ओहमच्या दोन कॉइल आहेत, त्या पॅरलल जोडल्यात, म्हणजे 2 ओहम (रोध जितका कमी, तितका अॅम्पवर भार जास्त). अॅम्पवर ब्रिजसाठी किमान 4 ओहम छापलंय. गोम इथेच आहे ना? सिरीजमध्ये 8 ओहम होतील, ताप कमी होईल, पण आवाज किती पडेल?

शिवाय इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट, मोठ्या आवाजात अॅम्पच्या टर्मिनलवर मात्र 11.8. वायर तांब्याची म्हणून घेतली, आत मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम निघालं. अर्थ सीटच्या बोल्टला, तोही रंग न खरवडता.

आधी वायर बदलू की जोडणी? कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा लावलाय का कुणी, धूळ किती ओढतो? की सरळ क्लास डी मोनोब्लॉक (कमी तापणारा, एकाच चॅनेलचा अॅम्प) घेऊ? घरचे म्हणतात, रेडिओ पुरे.