कीबोर्डचे स्विच: बोबा यू-फोर-टी की होली पांडा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी म्हापशाचा. दिवसभर मराठी टायपिंग चालतं. सध्या हॉट-स्वॅप कीबोर्डावर (ज्यात कळीखालचे स्विच सोल्डरिंगशिवाय बदलता येतात) चेरी एमएक्स ब्राउन स्विच आहेत. त्यांचा उठाव (कळ दाबताना बोटाला लागणारा टप्पा) इतका पुसट, की बोटाला नुसती खरखर जाणवते. मला ठसठशीत उठाव हवाय, तोही कळ दाबायला घेताच. म्हणून बोबा यू-फोर-टी मनात भरलाय. 62 ग्रॅमच्या स्प्रिंगचा घ्यावा की 68? होली पांडा रोज वापरणाऱ्यांनी तुलना जरूर सांगा. आवाजाची अडचण नाही, नाहीतर सरळ सायलेंट यू-फोरच घेतला असता.

आणखी एक, इथल्या पावसाळ्यात, खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजतात का? क्रायटॉक्स 105 या वंगण तेलाचा हात फिरवला तर टिकतील? स्टेमचे (स्विचमधल्या खाली-वर होणाऱ्या दांड्याचे) पाय कोरडेच ठेवणार, उठाव बोथट व्हायला नको. पणजी-मडगावकडे कुणाकडे हे स्विच असतील तर बघायला नक्की येईन.