ग्लिसरीन साबणात इसेन्शियल ऑइल टाकूनही वास टिकत नाही, काय चुकतंय?

साबणवेडी:
नमस्कार मंडळी, मी मेल्ट अँड पोरवाला, म्हणजे नुसता वितळवून साच्यात ओतायचा, तयार पारदर्शक ग्लिसरीन साबणाचा बेस आणून घरी साबण करतेय, ही तिसरी खेप. ५०० ग्रॅम बेस वितळवला, त्यात संत्रं आणि लव्हेंडरचं तेल मिळून ३०-३५ थेंब टाकले. टाकताना अख्खं घर घमघमलं, पण साच्यातून वड्या काढल्या तर वास जेमतेम आणि आठवड्याभरात संत्रं तर पार गायब! वर दोन-तीन वड्यांवर तेलकट ठिपके आलेत. तेल वाढवू का? ५ वर्षांच्या भाचीसाठी करतेय म्हणून जरा भीती वाटते.

मंद_आच:
ताई, घर घमघमलं ना, तो वास साबणात राहायच्या ऐवजी वाफेबरोबर उडाला. बेस वितळल्या वितळल्या तेल ओतलं असणार तुम्ही. आचेवरून उतरवून ५०-५५ डिग्रीपर्यंत येऊ द्या, वर पातळ साय धरायला लागते तेव्हा ती हलक्या हाताने ढवळून मोडा आणि मग तेल घाला. ठिपके बहुतेक नीट न मिसळल्यामुळे, मिनिटभर तरी सावकाश ढवळा, जोरात फेटलं की बुडबुडे होतात. आणि थेंब मोजू नका, प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा पडतो. ३०-३५ थेंब म्हणजे साधारण दीड मिली, ५०० ग्रॅमला फारच कमी. मोठ्यांच्या साबणाला मी २ टक्के म्हणजे १० ग्रॅम घेते, छोटा डिजिटल काटा त्यासाठी हवाच.

वाळा_आणि_देवदार:
वरचं सगळं बरोबर, पण नुसतं प्रमाण वाढवून संत्रं टिकणार नाही, लिंबू-संत्र्याची तेलं सगळ्यात आधी उडतात. त्यांना धरून ठेवायला जड तेल लागतं. मी ६ भाग संत्रं, ३ भाग लव्हेंडर, १ भाग देवदार घेते, देवदारऐवजी वाळा घेतलात तर अर्धा भागच, नाहीतर बाकीचं काही कळतच नाही. आधी थेंबांच्या हिशोबात कापसाच्या बोळ्यावर करून बघा, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. ताजं मिसळलेलं आणि मुरलेलं यात खूप फरक पडतो, मी पूर्वी घाई करून आख्खी बॅच घालवलीय.

कातडी_जपा:
भाचीसाठी आहे तर २ टक्के नको हं, अर्धा टक्का पुरे, ५०० ग्रॅमला अडीच ग्रॅम. दालचिनी, लवंग, गवती चहा यांची तेलं तिच्या साबणात अजिबात नको, कातडीची आग होते. आणि संत्र्याची बाटली जुनी असेल तर टाकून द्या, हवा लागून बिघडलेलं तेल त्वचेला जास्त त्रास देतं. वड्या तयार झाल्या की लगेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि वर घामासारखे थेंब येतात.

साबणवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे!! म्हणजे ठिपक्यांपैकी काही तो घामच असेल, पुसले की जात होते. काटा आहे घरात, देवदार मागवते. बोळे आज रात्रीच करते, संत्रं मात्र नवीनच आणणार.