‘थोर’ म्हणतात तो अल्बम तुम्हाला कसा वाटला? (अनुभव धागा)

पऱ्हाटी (दारव्हा)

परवा जागलीवर होतो. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, म्हणून रात्री घरातल्या एकाला तरी वावरात मुक्काम करावा लागतो. मोबाइलवर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावला होता. मनात आलं, हा अल्बम आपल्याला खरंच आवडतो, की आवडायला पाहिजे म्हणून आवडतो?

तर धागा यासाठीच. कुठलाही नावाजलेला अल्बम घ्या, शास्त्रीय, गझल, रॉक, सिनेमाचा, भजनाचा, काहीही. अट एकच, पूर्ण ऐकलेला असावा. कुठे आणि कशावर ऐकला तेही लिहा, कारण निम्मं मत त्यावरच ठरतं असं मला वाटतं. नुसत्या आरत्या नकोत.

सुरुवात माझ्यापासून. १९६७ चा हा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत रागांतून मांडलाय. वडिलांनी यवतमाळहून कॅसेट आणली होती. लोक संतूर-बासरीचं कौतुक करतात. माझ्या मते अल्बम तोलून धरलाय तो काबरांनी. गिटार आडवी ठेवून, पट्टी घासत जी मींड काढलीय तिच्यामुळे बाकी दोघांना मोकळं सुटता येतं.

आता तक्रार. आमच्याकडे काठेवाडी लोक गाया-मेंढरं घेऊन उतरतात. त्यांचा दिवस मी लहानपणापासून बघतोय. त्यात चिखल असतो, लंगडं कोकरू असतं, उभ्या पिकात जनावर गेलं म्हणून भांडण असतं. या अल्बममधल्या मेंढपाळाला दिवसभरात एक काटासुद्धा बोचत नाही. त्यातला देस राग ऐकताना तर मला चहात साखर जास्त पडल्यासारखं होतं. तरीही जागलीवर दुसरं काही लावावंसं वाटत नाही, हेही खरं.

मोटारपंप (पुसद)

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

अमरावतीला होस्टेलवर असताना एका टपरीवरून एमपीथ्रीची सीडी घेतली होती. एकाच सीडीत शंभर-दीडशे गाणी, सगळी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली. मला काय माहीत! त्यामुळे मी दोन वर्षं हा अल्बम अक्षरक्रमाने ऐकला. ज्या ‘एक्लिप्स’वर अल्बम संपतो ते माझ्याकडे चौथं होतं. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होणारं ‘स्पीक टू मी’ सातवं. हे ठोके मध्येच का येतात यावर मी रूममेटला एक मोठा अर्थही समजावून सांगितला होता. तो बिचारा पटल्यासारखी मान हलवायचा.

पुढे खरा क्रम कळला आणि पहिल्यांदा सलग ऐकला, तेव्हा खरं सांगतो, थोडी निराशाच झाली. एवढं नीट जुळलेलं असतं हे माहीतच नव्हतं. ठोक्यांनी सुरू, ठोक्यांवर शेवट. माझ्या तुटक्या-फुटक्या अल्बमची सवय जायला वर्ष लागलं.

पण खरी गोष्ट काकांची आहे. आमचे काका गावच्या भजनी मंडळात तबला वाजवतात, इंग्रजीचा गंध नाही. दिवाळीत मी ‘मनी’ लावलं होतं. सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचा आवाज एका लयीत फिरतो, तो ऐकून ते पानाला चुना लावता लावता थांबले. बोटावर मोजलं आणि म्हणाले, “सात मात्रा हायेत. रूपकासारखं चाललं हे.” मी म्हटलं, असेल. सॅक्सोफोन झाला, गिटार सुरू झाली, तर काका ताडकन म्हणाले, “सोडलं! आता केरव्यावर आलं.” मी नंतर शोधून वाचलं. गाणं खरंच सातात आहे, सॅक्सोफोनही सातातच वाजतो आणि गिटारच्या तुकड्याला ते चारात जातं. १९७३ पासून जगभर लोक ऐकताहेत. बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे होता. आणि मी इंजिनिअर होऊनही तोवर एक मात्रा मोजली नव्हती.

काकांचं एकूण मत: “बाई कोन हाय ते? तिले शब्दच देले नाई, तरी सगळ्यात चांगली तेच गायली.” म्हणजे क्लेअर टॉरी, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधली. यावर माझं काही म्हणणं नाही.

संत्राबागवाला (वरुड)

मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’. १९८२. नऊ गाणी, त्यातली सात सिंगल म्हणून वेगळी निघाली. मला तीनच लागतात. ‘बिली जीन’, ‘बीट इट’, ‘ह्यूमन नेचर’. पॉल मॅकार्टनीसोबतचं ते प्रेमळ भांडणाचं गाणं तर मी कायम पुढे ढकलतो. झालं माझं.

मोटारपंप (पुसद)

‘वॉना बी स्टार्टिन समथिन’ सोडलं? भाऊ, बागेत फवारणी करताना हे लावून पाहा, पंपाचा दांडा आपोआप त्या तालात हलतो.

निवृत्त मास्तर (मोर्शी)

आमच्या पिढीत ग्रामीण भागात गझल पोहोचवली ती जगजीत-चित्रा सिंग यांच्या ‘द अनफर्गेटेबल्स’ने. जाणकार तेव्हा नाकं मुरडत. गझलेत गिटार आणि व्हायोलिन कशाला, असं म्हणत. मला उर्दू येत नव्हतं. ‘बात निकलेगी तो’ मधली अर्धी गोष्ट मी आवाजाच्या चढउतारावरून समजून घेतली आणि पुढे कोश घेऊन बसलो, तेव्हा कळलं की अंदाज फारसा चुकला नव्हता. गायकाने शब्द इतके स्वच्छ टाकले तर परकी भाषाही अर्धी आपली होते. आज पुन्हा ऐकताना मात्र वाद्यमेळ जुनाट वाटतो, हे कबूल केलं पाहिजे. आवाज नाही जुना झाला.

मराठी गझलेचं म्हणाल, तर सुरेश भट अमरावतीचे आणि भीमराव पांचाळे आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे. त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही. भीमरावांना मैफलीत ऐकलेलं आहे. एक शेर ते चार वेळा म्हणतात आणि चौथ्या वेळी तो आपल्याला लागतो. ध्वनिमुद्रणात तेवढी उसंत नसते. मराठी गझलेचा थोर अल्बम माझ्यासाठी अजून मैफलीतच आहे.

जाता जाता: ‘गीतरामायण’ अल्बम धरायचा का? मी धरत नाही. ५६ गीतं, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक. ज्यांनी तसं वाट पाहत ऐकलं त्यांचं ऐकणं वेगळं आणि आपलं एका दमात ऐकणं वेगळं.

बोरीचं झाड (अकोला जिल्हा)

तुमचे इंग्रजी अल्बम वाचून राह्यलो. बरेच असतीन. पन मले एक सांगा, प्रल्हाद शिंदेच्या क्यासेटले कोनी क्लासिक अल्बम कामून नाई म्हनत?

माहा बाप दर दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जाये. रेल्वेत उभ्यानं. येतानी दोन गोष्टी हमखास आने, एक पुस्तक अन एक क्यासेट. पुस्तक मोठ्या भावानं वाचाचं अन क्यासेट साऱ्या मोहल्ल्यानं आयकाची. टेप आमच्या घरी नोता, शेजारच्या काकाजवय होता. रात्री ओसरीवर वीस-पंचवीस मानसं. बाया चुलीवरून हात पुसत येत. वामनदादा कर्डकाची रचना लागली का बाप म्हने, “आवाज वाढवा बे, अर्थ आयकू द्या.”

ज्या गळ्यानं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गायलं, थ्याच गळ्यानं भीमगीतं गायली. एक गाव त्याले वारीत आयके, दुसरा मोहल्ला जयंतीत आयके, अन गानारा एकच. हे मले मोठेपनी समजलं. आता पिंक फ्लॉइडपेक्षा हे काई कमी हाय का?

पन खोटं नाई बोलत. साऱ्याच क्यासेटी सारख्या नाई. कितीक क्यासेटीत ए साइडची पयली दोन गानी जीव तोडून केलेली, अन बी साइड म्हंजे नुसती भरती. मांगून ऑक्टोपॅड आला अन सारं ठोकाठोकीवर गेलं. आनंद शिंदेच्या ‘नवीन पोपट हा’वर मीबी लग्नात लय नाचलो, पन पूर्न क्यासेट बसून आयक म्हनलं तं नाई आयकनार.

निवृत्त मास्तर (मोर्शी)

बोरीचं झाड, तुमचा प्रश्न रास्त आहे. आम्ही ‘क्लासिक’ म्हणतो ती यादी बहुतेक ज्यांच्या घरी रेकॉर्डप्लेयर होता त्यांनी केलेली आहे.

बांधीतला बेडूक (वडसा)

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रात्रभर नाटक, दिवसा झोप, पुन्हा दुसऱ्या गावात मांडव. त्यामुळे माझं ऐकणं कामापुरतं. गाणं ऐकताना पहिला विचार हाच की हे दोन हातांनी निघेल का?

त्या हिशोबाने रहमानचा ‘रोजा’ (१९९२) हा आमच्यासाठी धक्का होता. त्याआधीच्या सिनेमाचं गाणं ऑर्गन, ढोलक आणि तबल्यावर बऱ्यापैकी उभं राहायचं. ‘रोजा’ची चाल निघायची, पण गाणं निघायचं नाही. खालचा बास काढला की वरचं सगळं पोकळ. माझ्या उस्तादांनी दोन रात्री डोकं फोडलं आणि म्हणाले, हे गाणं पेटीत नाही, यंत्रात आहे. टोमणा होता, पण बरोबरच होतं. अल्बम म्हणून विचाराल तर मला अर्धाच आवडतो. ‘रुक्मिणी’ नसतं तरी चाललं असतं.

याच्या उलट ‘कट्यार काळजात घुसली’. अभिषेकींचं संगीत, १९६७ चं नाटक, आणि वसंतराव देशपांडे तर मूर्तिजापूरला जन्मलेले. यातली पदं आजही आमच्या मांडवात म्हटली की वन्समोअर येतो. माझी एकच अडचण. वसंतरावांच्या ताना ऐकून नवीन पोरं तशीच तान घ्यायला जातात आणि ऑर्गनवाल्याला त्यांना शोधत फिरावं लागतं.

रात्रीची लाईन (हिंगणघाट)

पुण्यातली नोकरी सोडून वडिलांसोबत शेती करते. गव्हाचं ओलीत बहुतेक रात्री, कारण आमच्या फीडरला लाईनच रात्री येते. बारे बदलायचे आणि मधे धुऱ्यावर बसायचं.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझ अल्बम पुण्यात असताना तीनदा ऐकायचा प्रयत्न केला होता. लिफ्टमधलं संगीत वाटलं. इथे धुऱ्यावर चौथ्यांदा लावला. ‘सो व्हॉट’च्या सुरुवातीला पियानो आणि बास काहीतरी कुजबुजतात. तेव्हा पाणी शेवटच्या सरीत पोहोचायला वेळ होता, मला कुठे जायचं नव्हतं, आणि पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकू आलं. १९५९ मध्ये दोन दिवसांत, मार्च आणि एप्रिलमध्ये, हे मुद्रित झालं. वादकांना आधी तयार चाली दिल्या नव्हत्या, बहुतेक ठिकाणी स्वरांचे आराखडेच होते.

यावरून लोक लगेच ‘हे तर आपल्या रागासारखंच’ म्हणतात. मला ते पटत नाही. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावा. ‘सहेला रे’मध्ये त्या एका गंधारावर परतून परतून येतात, त्याला सोडतच नाहीत. माइल्स एक सूर लावतो आणि निघून जातो, मागे वळून बघत नाही. दोन्ही थोर, पण स्वभाव उलटे. मला स्वतःला किशोरीताई जास्त लागतात. फक्त त्यांना ऐकत बसलं की बारं फुटतं आणि सगळं पाणी एकाच वाफ्यात जातं. दोनदा झालंय.

जागल्या (काटोल)

पऱ्हाटीभाऊ, डुकरांसाठी संतूर लावता? मी मेटॅलिकाचा काळ्या कव्हरचा अल्बम लावतो. १९९१ चा, बारा गाणी, तासाभराच्या वर चालतो. जुने चाहते ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची शपथ घेतात आणि या अल्बमला बाजारू म्हणतात. मला हाच आवडतो. ढोल असा दणदणीत आवाजात धरलाय की छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरही छातीत वाजतो.

डुकरं पहिल्या आठवड्यात फिरकली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात सरावली. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ सुरू असताना बाजूच्या तासात मका मोडत होती. हल्ली रेडिओवर नुसतं बोलणं लावून ठेवतो. माणसाच्या आवाजाला जास्त भितात.

पऱ्हाटी (दारव्हा)

आमच्याकडे संतूरला आलीच नाहीत. कदाचित त्यांनाही गोड जास्त होत असेल.

बोरीचं झाड (अकोला जिल्हा)

बापाच्या क्यासेटी पेटीत तशाच हायेत. तीसेक असतीन. दोन-तीनच्या फितीले बुरशी आली. माहा टेप बंद पडला. कोनाजवय चालता असन तं सांगा, घेऊन येतो. एकदा मोबाइलमंदी भरून ठेवाच्या हायेत.

मोटारपंप (पुसद)

काकांकडे आहे. पण एका बाजूचा स्पीकर बंद आहे, चालेल?

बोरीचं झाड (अकोला जिल्हा)

चालन. आमच्या शेजाऱ्याच्याबी टेपाले एकच होता.