मदत हवी आहे: व्हिडिओतला चेहरा खरा की संगणकाने बनवलेला?

कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ‘डॉक्टर’ गुडघेदुखीचं औषध विकतोय. दोघी-तिघी काकू पैसे भरायच्या बेतात आहेत, म्हणून घाई.

पापण्यांची उघडझाप नीट आहे, पण ‘बनावट चेहरा पापण्या नीट मिटत नाही’ ही २०१८ च्या सुमाराची खूण आता भरवशाची राहिली नाही. व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पाहिला. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ पूर्ण मिटत नाहीत, मान वळली की कानाजवळची कड थरथरते. मात्र फॉरवर्ड होऊन फाइल इतकी दाबली गेलीय की दोष कॉम्प्रेशनचाही असेल. मूळ फाइल मिळणार नाही, लॅपटॉपही साधाच आहे.

नाडीच्या ठोक्यांनी त्वचेच्या रंगात होणारा बारीक फरक मोजतात, ती पद्धत अशा फाइलवर चालेल का? नसेल, तर कॉम्प्रेशननंतरही टिकणारी खूण कोणती?