लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला चित्रांची पुस्तकं सुचवा ना

पिंपळपान:

नमस्कार मंडळी. मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि धाकटा सव्वा वर्षाचा. झोपायच्या आधी दोघांना घेऊन वाचायला बसते, पण पुस्तकांचं काही जमत नाहीये. घरात आहेत त्यातली अर्धी म्हणजे एका पानावर एक चित्र आणि खाली नाव, हत्ती, बॉल, बस. ती दोन मिनिटांत संपतात आणि मोठीला त्यात आता काहीच रस नाही. उरलेल्यांत पानभर मजकूर आणि कोपऱ्यात एवढंसं चित्र, माझं वाक्य संपायच्या आत तिने पान उलटलेलं असतं. एकच पुस्तक तिला मनापासून आवडतं आणि तेच रोज हवं असतं, नवीन काढलं की 'ते नको, माझं वाच'. असं तेच तेच वाचत राहणं ठीक आहे का? धाकट्याला आत्तापासून वाचून दाखवण्यात काही अर्थ आहे का, तो तर सगळं तोंडातच घालतो. आणि घरी आम्ही मराठीच बोलतो पण चांगली म्हणून जी नावं कानावर येतात ती बहुतेक इंग्रजी, ती मराठीत सांगितली तर चालतील का? नुसती यादी नको, पुस्तक का चांगलं तेही सांगा प्लीज, म्हणजे पुढची मला माझी निवडता येतील.

रानवारा:

मग आधी निवडायचं कसं तेच सांगते. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकच गोष्ट दोनदा सांगत नाहीत. 'मुलगा झाडावर चढला' असं लिहिलंय आणि चित्रातही मुलगा झाडावर चढतोय, एवढंच असेल तर पोरांना त्या पानावर थांबायला कारणच उरत नाही. काहीतरी शब्दांनी सांगायचं राखून ठेवलेलं हवं आणि ते चित्रात सापडायला हवं. कारण आपण वाचत असताना मूल अक्षरांकडे जवळजवळ बघतच नाही, ते चित्रात फिरत असतं. कॅनडातल्या संशोधकांनी 2005 साली मुलांच्या डोळ्यांची हालचाल टिपून हे दाखवलंय, पण घरी मांडीवर मूल घेऊन वाचणाऱ्या कुणालाही ते रोज दिसतं.

याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे पॅट हचिन्सचं 'रोझीज वॉक', 1968 चं आहे. अख्ख्या पुस्तकात 32 शब्द, म्हणजे एकच वाक्य. एक कोंबडी फिरायला निघते, अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते, बस. कोल्ह्याचा उल्लेख एका शब्दानेही नाही आणि कोल्हा पहिल्यापासून तिच्या मागावर आहे! तो झेप घेतो तर नेमका पाय पडतो दाताळ्यावर आणि दांडा फाडकन नाकावर. रचना अशी की ज्या पानावर शब्द आहेत तिथे कोल्हा झेप घ्यायच्या बेतात असतो, आणि पुढच्या पानावर शब्दच नाहीत, फक्त त्याची फजिती. म्हणून वाचताना पान उलटायच्या आधी थोडं थांबायचं, मुलीला चित्रात बघू द्यायचं काय होणार ते, आणि आपण कोल्ह्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शांतपणे कोंबडीचं चालणं वाचत राहायचं. आईला दिसत नाहीये ते मला दिसतंय, यात साडेतीन वर्षांच्या पोरीला जो आनंद होतो ना, तो बघण्यासारखा असतो. ती ओरडून सांगायला लागेल, तिला सांगू दे.

झोपायच्या वेळेला 'गुडनाईट मून' पण बघा, मार्गारेट वाइज ब्राऊनचं लेखन आणि क्लेमंट हर्डची चित्रं, 1947 चं पुस्तक आहे. खोलीतल्या एकेका वस्तूला गुडनाईट म्हणायचं एवढंच. पण दर वेळी ती खोली थोडी थोडी अंधारत जाते, घड्याळाचे काटे सातवरून आठच्या पुढे सरकतात, खिडकीत चंद्र वर येतो आणि एक छोटा उंदीर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी असतो. मोठी उंदीर शोधेल, धाकटा तुमचा आवाज ऐकत बसेल. दोघांना एकत्र चालेल असं हे पुस्तक आहे.

ओसरी:

मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे 'तेच वाच' हे रोज ऐकते. अजिबात काळजी करू नका. पहिल्या वाचनात मुलांना फक्त गोष्टीचं पुढे काय होतं तेवढंच हाती लागतं, शब्द, चित्रातले बारकावे, पात्र असं का वागलं, हे सगळं नंतरच्या वाचनात उलगडतं. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांचा 2011 चा एक प्रयोग आहे तीन वर्षांच्या मुलांवरचा. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी, पण नवीन शब्द दोन्हीकडे तेच आणि तितक्याच वेळा कानावर पडतील अशी व्यवस्था केली. तर ते शब्द लक्षात कुणाच्या जास्त राहिले, तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. म्हणजे तुमची मुलगी हट्ट करतीये असं वाटतं पण ती तिचं शिकणंच मागतीये.

तिचं लाडकं पुस्तक आता पाठ झालं असेल तर तुम्ही प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द सोडा, ती तो भरेल. मग हळूहळू अर्धं वाक्य सोडा. काही दिवसांनी पुस्तक तीच धाकट्याला 'वाचून' दाखवायला लागते, अक्षर येत नसताना, आणि ते खरं वाचनच आहे असं मी मानते. नवीन पुस्तक त्या लाडक्याच्या ऐवजी आणू नका, आधी नवीन एक आणि मग तिचं, असा क्रम ठेवा म्हणजे भांडण होत नाही.

आणि वाचताना गप्पा मारा. 1988 साली व्हाइटहर्स्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना एवढंच शिकवलं की 'हे काय आहे' याच्यावर न थांबता 'इथे काय चाललंय', 'हा असा का बसलाय' असे मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात एखादा शब्द घालून ते वाक्य परत म्हणा. महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं बाकीच्यांपेक्षा बरंच पुढे गेलेलं आढळलं. फक्त एक कळकळीची विनंती, दर पानाला परीक्षा घेऊ नका. हा कुठला रंग, ही किती फुलं, असं सुरू झालं की मुलं उठून जातात आणि ते अगदी योग्य करतात. गोष्ट रंगात आली असेल तर एकही प्रश्न न विचारता शेवटपर्यंत वाचा.

मोरपीस:

धाकट्याबद्दल लिहिते. अर्थ आहे, भरपूर आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलंय की बाळाला जन्मापासून वाचून दाखवा. सव्वा वर्षाच्या मुलाला गोष्ट कळावी अशी अपेक्षाच नको, मांडी, आवाज आणि पान उलटणं, हे त्याचं वाचन. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं द्या, तोंडात घातली तरी चालतात, आणि चित्रावरच्या कागदी झडपा उघडून मागे काय आहे ते बघायचं असतं तसली. एरिक हिलचं 'व्हेअर इज स्पॉट' (1980) म्हणजे आई कुत्री पिल्लाला शोधतीये, दाराआड, कपाटात, प्रत्येक झडपेमागे दुसराच कुणीतरी. रॉड कॅम्बेलचं 'डिअर झू' (1982) तसंच, खोक्यांतून एकेक प्राणी निघतो. या वयाला लपाछपीपेक्षा मोठी गोष्ट नाही. झडप फाटणार हे धरूनच चाला, चिकटपट्टी जवळ ठेवा.

एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (1969) पण, पानांना खरीच भोकं आहेत, सुरवंटाने खाल्लेली, धाकट्याचं बोट बरोब्बर जातं त्यात आणि मोठी वार म्हणते. शिवाय पानंही लहानापासून मोठी होत जातात.

अंगणवेल:

इंग्रजी पुस्तक मराठीत सांगायचा प्रश्न राहिलाच. माझा अनुभव असा की दोन प्रकार करायचे. ज्या पुस्तकांची मजा घटनेत आणि चित्रात आहे ती बिनधास्त मराठीत सांगा, वाक्यं आदल्या दिवशी एकदा तोंडात घोळवून ठेवा म्हणजे ऐन वेळी अडखळायला होत नाही, आणि एकदा ठरवलेली वाक्यं रोज तीच ठेवा कारण पोरं एक शब्द बदललेला खपवून घेत नाहीत. मायकल रोझेन आणि हेलन ऑक्सनबरीचं 'वी आर गोइंग ऑन अ बेअर हंट' (1989) तर मराठीत भन्नाट होतं, गवतातून सळसळ सळसळ, नदीत डुबुक डुबुक, चिखलात पचाक पचाक, आणि शेवटी अस्वल दिसल्यावर तेच सगळं उलट्या क्रमाने धावत धावत. आमच्याकडे हे बसून वाचलंच जात नाही, खोलीभर चालत वाचतो. पण जुलिया डोनाल्डसनचं 'द ग्रफलो' (1999) सारखं यमकात लिहिलेलं पुस्तक मराठीत सांगायला गेलं की हाताशी फक्त कथा उरते, ते जसं आहे तसंच वाचा, अर्थ पूर्ण कळला नाही तरी ठेका कळतो.

आणि मुळात मराठीत लिहिलेलं हवं असेल तर माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्याच. लेखन त्यांचं, चित्रंही त्यांचीच. राधाच्या घरातली माणसं, आई, बाबा, आजी वगैरे, आणि भाषा अशी की वाचताना वाटतं आपणच बोलतोय. पाल्हाळ नाही, शिकवण नाही. मला शिकवण देणाऱ्या पुस्तकांचा खरंच राग येतो, शेवटच्या पानावर 'म्हणून नेहमी खरे बोलावे' आलं की आधीची गोष्ट फुकट जाते.

पिंपळपान:

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. कोंबडी आणि कोल्हा ऐकूनच मला वाचावंसं वाटतंय. अजून एक विचारते, 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' बद्दल खूप ऐकलंय पण चित्रं बघितली तर राक्षस आहेत, साडेतीन वर्षांच्या मुलीला भीती नाही वाटणार? आणि सगळीच विकत घेणं शक्य नाही, फोनवर वाचून दाखवलं तर चालतं का?

रानवारा:

मॉरिस सेंडाकचं ते पुस्तक 1963 चं आहे आणि पुढच्याच वर्षी त्याला चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. राक्षस आहेत पण मॅक्स त्यांचा राजा होतो, सगळी सूत्रं त्या मुलाच्या हातात आहेत, म्हणून बहुतेक मुलांना ते घाबरवत नाही. चित्रं बघा कशी वाढतात, सुरुवातीला पानाच्या मधोमध छोटी चौकट आणि भोवती पांढरं, मॅक्सचा राग आणि कल्पना वाढेल तसं चित्र मोठं होत जातं, आणि दंगा सुरू झाला की सलग तीन जोडपानं नुसतं चित्र, अक्षर एकही नाही. तिथे काही वाचायचं नाही, दंगाच करायचा. शेवटच्या पानावर मात्र चित्रच नाही, एवढेसे शब्द. तरीपण मूल मूल वेगळं असतं, दिवसा उजेडी एकदा दाखवा, ती मागे सरकली तर वर्षभराने काढा. भीती वाटली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही आणि मूल भित्रंही ठरत नाही.

ओसरी:

फोनबद्दल. पुस्तक हातात असणं केव्हाही बरं, फोनवर चित्र एवढंसं होतं आणि दोघांची डोकी त्यावर मावत नाहीत. टॅब किंवा लॅपटॉप असेल तर बरं. पण 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आहे, 2015 पासून, त्यावर मराठीसकट कितीतरी भाषांतल्या चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, खुल्या परवान्याच्या असल्यामुळे डाऊनलोड करून छापूनही घेता येतात. तिथे पातळ्या दिलेल्या असतात, तुमच्या मुलीसाठी पहिल्या पातळीपासून सुरू करा, पानाला एखाद-दुसरं वाक्य असतं. आपोआप वाचून दाखवणारा आवाज असेल तर तो बंद ठेवा, वाचायचं तुम्हीच. आणि सगळ्या गोष्टी सारख्या नाहीत, आधी स्वतः वाचून बघा, वर रानवाराने सांगितलेलं लावून बघा, चित्रात शब्दांपलीकडचं काही सापडतंय का. सापडलं तर तीच गोष्ट छापा आणि स्टेपल करा, नाहीतर पुढची बघा. वाचनालय जवळ असेल तर तिथून आणून, जे पुस्तक ती परत परत मागेल तेवढंच विकत घ्या.